नोआँचे सात उन्हाळे

पियानोचा कवी म्हणून जगाला ठाऊक असलेल्या फ्रेडरिक शोपाँला मायदेश सोडावा लागला, तो पुन्हा कधीच दिसला नाही. मात्र फ्रान्समधील एका खेडेगावातल्या घराने सात उन्हाळे त्याला आपले मानले. मित्र, संगीत, चित्रे आणि नाटुकल्यांनी गजबजलेल्या त्या घरात त्याच्या श्रेष्ठ रचना जन्माला आल्या. ते घर तुटले आणि त्याची लेखणीही जवळजवळ थांबली.

उन्हाळ्याची सुटी म्हटली की गावाकडचे मोठे घर, माणसांचा गोतावळा आणि घड्याळाकडे न पाहता सरणारे दिवस मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे 300 किलोमीटरवर, बेरी प्रांतातील नोआँ या खेड्यात असेच एक घर आहे. बाहेरून पाहता त्यात राजवाड्याचा थाट नाही. साधे, भारदस्त, दुमजली घर. समोर लहानसे चर्च, मागे झाडांनी भरलेली बाग. तरीही 19व्या शतकातील फ्रेंच साहित्य, संगीत आणि चित्रकला यांतील मोठी माणसे या घराच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून गेली. 1837 मध्ये पियानोवादक फ्रान्झ लिस्ट येथे राहिला, 1838 च्या आरंभी कादंबरीकार बाल्झाक येऊन गेला. पण या घराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो शोपाँ येथे प्रथम आला 1839 च्या जूनमध्ये.

घराची मालकीण होती जॉर्ज साँद. हे तिचे लेखनातील नाव. मूळची ती ओरोर द्युपँ. 1804 मध्ये जन्मलेल्या ओरोरला तिच्या आजीने नोआँतच वाढवले आणि आजीच्या मृत्यूनंतर 1821 मध्ये ही मालमत्ता तिच्याकडे आली. पुरुषी नाव घेऊन कादंबऱ्या लिहिणारी, प्रसंगी पुरुषी पोशाख करणारी, नवऱ्यापासून न्यायालयामार्फत विभक्त होऊन घर आणि मुले आपल्याकडे राखणारी ही स्त्री त्या काळच्या फ्रान्समध्ये जितकी वाचली जात होती, तितकीच टीकेची धनी होत होती.

पोलंडचा पोरका

शोपाँचा जन्म 1810 चा, वॉर्साजवळील झेलाझोवा व्होला या गावचा. वडील मूळचे फ्रेंच, आई पोलिश. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासूनच वॉर्साच्या सरदार घराण्यांत त्याच्या वादनाचे कौतुक होऊ लागले. उन्हाळ्यातील गाव, मित्र आणि संगीत यांची चवही त्याला लहानपणीच लागली होती. 1824 आणि 1825 च्या सुट्या त्याने शाळासोबत्याच्या घरी, शाफार्निया नावाच्या खेड्यात घालवल्या. शेतकऱ्यांची गाणी आणि नाच त्याने तेथे जवळून ऐकले. घरी साधी पत्रे पाठवण्याऐवजी या 14 वर्षांच्या मुलाने वॉर्सातील एका वृत्तपत्राची नक्कल करीत स्वतःचे हस्तलिखित वृत्तपत्रच काढले. कोंबड्या-बदकांच्या भानगडींपासून स्वतःच्या वादनापर्यंतच्या बातम्या तो त्यात गंभीर संपादकाच्या थाटात देत असे. हा खट्याळपणा आणि नकला करण्याची हातोटी त्याच्यात अखेरपर्यंत टिकली. त्याच्या रचनांतील उदासी ऐकणाऱ्याला त्याची ही बाजू सहसा ठाऊक नसते.

2 नोव्हेंबर 1830 रोजी त्याने वॉर्सा सोडले. महिना पुरा होण्याच्या आत तेथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. 1831 मध्ये तो चिरडला गेला आणि परतीची वाट बंद झाली. पॅरिसला आलेल्या शोपाँला तेथील उच्चभ्रू समाजाने डोक्यावर घेतले. सरदार-सावकारांच्या बायका-मुली त्याच्याकडे शिकू लागल्या. एका शिकवणीचे 20 फ्रँक ही तेव्हा मोठी रक्कम होती. मात्र हजारो श्रोत्यांसमोर वाजवणे त्याला कधीच मानवले नाही. आयुष्यभरात त्याने जेमतेम 30 जाहीर मैफली केल्या. दिवाणखान्यातील मोजक्या रसिकांपुढे मंद स्वरांत वाजवणे हीच त्याची खरी मैफल होती.

1836 मध्ये त्याची साँदशी भेट झाली. पहिल्या भेटीत त्याला ती मुळीच आवडली नाही. त्या सुमारास मारिया व्होजिन्स्का या पोलिश तरुणीशी त्याचा विवाह ठरत होता. त्याच्या नाजूक प्रकृतीचा धसका घेतलेल्या तिच्या घरच्यांनी पुढे तो विषय हळूहळू मिटवला. तिच्याकडून आलेली पत्रे त्याने एका पुडक्यात बांधून ठेवली आणि त्यावर ‘माझे दुःख’ अशा अर्थाचे पोलिश शब्द लिहिले. 1838 च्या उन्हाळ्यात शोपाँ आणि साँद एकत्र आले. हिवाळा ऊबदार हवेत काढावा म्हणून दोघे साँदच्या मुलांसह मायोर्का बेटावर गेले. तेथे पावसाने, थंडीने आणि क्षयाच्या भीतीने दूर पळणाऱ्या लोकांनी त्यांचे हाल केले. व्हाल्देमोसाच्या ओसाड मठात शोपाँने आपले 24 प्रेल्यूड पुरे केले खरे. पण तो परतला तो रक्त ओकतच. मार्सेय शहरात काही महिने विश्रांती घेऊन ही मंडळी नोआँला पोहोचली, तेव्हा या आजारी संगीतकाराला सर्वाधिक गरज होती ती घराची.

एका दिवसाची घडी

नोआँतील दिवसाला सक्ती नव्हती, पण एक लय होती. साँद रात्री लिहीत असे. कादंबऱ्यांच्या मानधनावर घर, मुले, नोकरचाकर आणि पाहुणे यांचा सारा भार असल्याने पहाटेपर्यंत तिची लेखणी थांबत नसे. साहजिकच ती उशिरा उठे. शोपाँची सकाळ त्याच्या खोलीत, पियानोपाशी जाई. ही खोली वरच्या मजल्यावर होती आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये, आतला बाहेर जाऊ नये म्हणून तिला गादीने मढवलेली दुहेरी दारे होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास सारे जण बागेत, उघड्यावर जेवायला बसत. शेजारपाजारचे मित्र येत. दिवेलागणीला शोपाँ वाजवायला बसे. मुलांच्या झोपेच्या वेळी तोही झोपायला जाई आणि साँद आपल्या टेबलाकडे वळे.

या निवांतपणाच्या आड कमालीचे कष्ट चाललेले असत. कल्पना शोपाँला आयती सुचत. बागेत फिरताना एखादी सुरावट मनात येई आणि तो धावत खोलीत जाई. खरी यातना पुढे सुरू होई. सुचलेले कागदावर उतरवताना त्याचे समाधान होत नसे. तो दिवसदिवस खोलीत कोंडून घेई, येरझाऱ्या घाली, लेखण्या मोडी, रडेदेखील. एक ओळ शंभरदा बदले आणि खोडे. एका पानासाठी कधी सहा आठवडे जात आणि शेवटी तो पहिल्यांदा लिहिलेल्या स्वरांवरच परत येई. साँदने हे सारे आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. स्वतः भराभर लिहिणाऱ्या तिला या पद्धतीचे नवल वाटे. मात्र तिने त्यात कधी ढवळाढवळ केली नाही.

पॅरिसमध्ये हिवाळाभर शिकवण्यांत दिवस सरत. सलग लिहायला वेळ मिळे तो उन्हाळ्यातच, आणि हा हिशेब त्याच्या रचनांच्या यादीत स्पष्ट दिसतो. 1839 मध्ये शवयात्रेच्या संगीतासाठी प्रसिद्ध असलेला सोनाटा पुरा झाला. 1840 चा उन्हाळा मात्र पॅरिसमध्येच गेला, कारण साँदचे एक नाटक पडले होते आणि पाहुण्यांनी भरलेले नोआँचे घर चालवणे त्या वर्षी परवडणारे नव्हते. 1841 मध्ये फ मायनरमधील फँटसी आणि तिसरे बॅलड, 1842 मध्ये चौथे बॅलड आणि ‘हिरोइक’ या नावाने गाजलेले पोलोनेझ, 1844 मध्ये बी मायनर सोनाटा, 1846 मध्ये बार्कारोल आणि पोलोनेझ-फँटसी. ही यादी बाजूला काढली तर शोपाँच्या उत्तरकाळातील फारसे काही उरत नाही.

मित्रांची वर्दळ

1842 च्या जूनमध्ये चित्रकार यूजेन देलाक्रवा नोआँत येऊन राहिला. 1838 मध्ये त्याने पियानो वाजवणारा शोपाँ आणि ऐकत बसलेली साँद असे दोघांचे एकत्र चित्र सुरू केले होते. ते अपुरेच राहिले आणि पुढे कोणीतरी कापून त्याचे दोन तुकडे केले. आज शोपाँ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि साँद कोपनहेगनजवळच्या ऑर्द्रुपगार्ड संग्रहालयात. नोआँतील मुक्कामाचे वर्णन देलाक्रवाने एका मित्राला कळवले. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीतून शोपाँच्या संगीताच्या लहरी येत आणि नाइटिंगेल पाखरांच्या गाण्यात, गुलाबांच्या वासात मिसळून जात, असा त्याचा आशय होता. येताना आपण चित्रे काढणार नाही असे त्याने ठरवले होते. पण घरातील मोलकरीण आणि एक लहान मुलगी यांना पाहून त्याला बाल मेरीच्या शिक्षणाचा विषय सुचला आणि सुटीतच एक चित्र तयार झाले. साँदचा मुलगा मॉरिस हा देलाक्रवाचाच विद्यार्थी होता. शोपाँची आणि देलाक्रवाची मैत्री मात्र विलक्षण होती. देलाक्रवाला त्याचे संगीत जीव की प्राण, तर शोपाँला मित्राची चित्रे फारशी रुचत नसत. दोघांनी त्याचा बाऊ कधी केला नाही.

गायिका पोलिन व्हियार्दो हीदेखील उन्हाळ्यात येई. ती आली की घरात संगीताचा वेगळाच हंगाम सुरू होई. शोपाँ आणि ती जुन्या संगीतकारांच्या संहिता उघडून बसत. मोझार्ट हे शोपाँचे दैवत. त्याच्या ‘डॉन जोव्हानी’ची पाने तासन्‌तास चालत. साँदच्या ‘कॉन्स्युएलो’ या गाजलेल्या कादंबरीतील गायिका नायिका पोलिनवरूनच बेतलेली आहे. बेरी प्रांतातील शेतकरी बॅगपाइप वाजवत, ‘बुरे’ नावाचा नाच करीत. अंगणात त्यांचा जमाव जमला की पोलिन आणि शोपाँ त्यांच्या चाली टिपून घेत. शाफार्नियात पोलिश शेतकऱ्यांची गाणी ऐकणारा मुलगा आता फ्रेंच शेतकऱ्यांची गाणी तितक्याच कानांनी ऐकत होता.

या घरातील नाटकाचे वेडही शोपाँच्या पियानोपासूनच सुरू झाले. संध्याकाळी तो मनाला येईल ते वाजवत असे आणि तरुण मंडळी त्या स्वरांवर मूकाभिनय करीत, नाचत. तो एकदम ताल बदले, विनोदीवरून गंभीरावर जाई आणि नटांची तारांबळ उडे. कधी तो स्वतःच उठून एखाद्या इंग्रज गृहस्थाची किंवा आढ्यतेखोर वादकाची हुबेहूब नक्कल करी. या खेळांतून पुढे घरात रंगमंच उभा राहिला. मॉरिसने लाकडी बाहुल्या कोरल्या, साँदने त्यांचे कपडे शिवले आणि नोआँचे बाहुलीनाट्य सर्वदूर प्रसिद्ध झाले. ते पाहायला मात्र शोपाँ तेथे नव्हता.

1844 चा उन्हाळा सर्वांत हृद्य ठरला. त्या वर्षी मे महिन्यात वॉर्साला त्याचे वडील वारले. शोपाँ खचून गेला. त्याची थोरली बहीण लुद्विका पतीसह फ्रान्सला आली आणि काही आठवडे नोआँत राहिली. भाऊ-बहीण 14 वर्षांनी भेटत होते. साँदने लुद्विकाला घरच्या माणसासारखे वागवले. बहीण परत गेल्यावर बी मायनर सोनाटा पुरा झाला.

घराला तडा

अर्थात शोपाँ काही खेड्यात रमणारा माणूस नव्हता. पहिले काही आठवडे आनंदात जात, मग त्याला पॅरिसची ओढ लागे. रानावनातील सहलींत इतर सारे पायी चालत, तो गाढवावर बसे. 1845 मध्ये त्याच्या पोलिश नोकराचे घरातील माणसांशी पटेना, तेव्हा त्याला काढावे लागले. घरात पोलिश बोलायला उरलेला तो एकच माणूस होता. साँद आणि शोपाँ यांचे नातेही तोवर बदलले होते. ती आता त्याची प्रेयसी कमी आणि परिचारिका अधिक झाली होती. मुले मोठी झाली होती. मॉरिसला घरातील कर्तेपण हवे होते आणि आईचा हा आजारी, मानी सोबती त्याला डोळ्यांत खुपू लागला होता. सोलाँज ही मुलगी हट्टी, आईशी सतत भांडणारी. शोपाँला मात्र तिची माया होती.

1846 च्या उन्हाळ्यात साँदची ‘लुक्रेझिया फ्लोरियानी’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मुलेबाळे असलेली कर्तबगार कलावंत स्त्री आणि तिला संशयाने छळणारा नाजूक राजपुत्र अशी तिची कथा. तो राजपुत्र म्हणजे शोपाँच, असे पॅरिसमध्ये जो तो म्हणू लागला. साँदने ते नाकारले. नोआँत तिने ही कादंबरी शोपाँ आणि देलाक्रवा यांना वाचून दाखवली, तेव्हा देलाक्रवा अस्वस्थ झाला होता. शोपाँने मात्र कादंबरीची स्तुती केली. त्याला स्वतःची ओळख पटली नाही की पटूनही तो गप्प राहिला, हे कोडे त्याच्या चरित्रकारांना आजही सुटलेले नाही. त्याच वर्षी साँदने ‘ला मार ओ द्याब्ल’ ही आपली ग्रामीण कादंबरी त्याला अर्पण केली होती, हेही ध्यानात ठेवावे लागते.

त्या नोव्हेंबरमध्ये शोपाँ नेहमीप्रमाणे पॅरिसला निघाला. पुढच्या उन्हाळ्यात येण्याचा बेत होताच. पण मे 1847 मध्ये सोलाँजने शिल्पकार ओग्युस्त क्लेसँजे याच्याशी विवाह केला. हा गृहस्थ कर्जबाजारी आणि तापट असल्याचे शोपाँच्या कानावर होते. त्याला मात्र या साऱ्यात विचारलेही गेले नाही. जुलैमध्ये पैशांवरून नोआँत भांडण पेटले. क्लेसँजेने मॉरिसवर हातोडा उगारला, मध्ये पडलेल्या साँदलाही मार बसला. तिने लेकी-जावयाला घराबाहेर काढले. गर्भवती सोलाँजने शोपाँकडे त्याची घोडागाडी मागितली. तो पॅरिसमध्ये होता, त्याला तपशील ठाऊक नव्हते. त्याने गाडी दिली.

साँदच्या लेखी हा विश्वासघात होता. मुलीशी संबंध तोडावेत ही तिची अपेक्षा. संकटात सापडलेल्या मुलीला आपण टाकणार नाही ही त्याची भूमिका. 28 जुलै 1847 च्या पत्राने साँदने नऊ वर्षांच्या सहवासाला निरोप दिला. कोणाची चूक अधिक, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. आई म्हणून साँद दुखावली होती आणि तिची बाजू त्याला समजली नाही. त्याने दाखवलेले औदार्य तिला कटकारस्थान वाटले, एवढे खरे.

4 मार्च 1848 रोजी पॅरिसमध्ये एका ओळखीच्या घराच्या जिन्याजवळ दोघे अचानक समोरासमोर आले. सोलाँजला मुलगी झाल्याची बातमी तिच्या आईला शोपाँने दिली. ती तोवर तिला कळलेली नव्हती. थोडे बोलून दोघे आपापल्या वाटेने गेले. ती शेवटची भेट ठरली. ते बाळही काही दिवसांतच दगावले.

रिकामा उन्हाळा

नोआँनंतर शोपाँच्या हातून जवळजवळ काही लिहून झाले नाही. चेलो आणि पियानोसाठीचा सोनाटा ही त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेली अखेरची मोठी रचना; तिचेही बरेचसे काम नोआँतलेच. 1848 चा उन्हाळा त्याने इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, परक्यांच्या वाड्यांतून पाहुणा म्हणून फिरत, जिने चढताना नोकराच्या हातांवर उचलून घेतला जात काढला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरले. वॉर्साहून पुन्हा लुद्विका धावून आली. साँदने तिला पत्र लिहून भावाच्या प्रकृतीची चौकशी केली, पण उत्तर आले नाही. 17 ऑक्टोबर 1849 रोजी, वयाच्या 39व्या वर्षी शोपाँ गेला. अखेरच्या दिवसांत सोलाँज त्याच्याजवळ होती. त्याच्या चेहऱ्याचा आणि हाताचा ठसा घेतला तो क्लेसँजेने, आणि पेर लाशेझ दफनभूमीतील थडग्यावरचे शिल्पही त्याचेच. हृदय मात्र इच्छेप्रमाणे लुद्विकाने वॉर्साला नेले. ते तेथील होली क्रॉस चर्चच्या खांबात जतन केलेले आहे.

परतताना लुद्विकाने साँदची शोपाँला आलेली पत्रेही बरोबर घेतली होती. रशियन तपासनिसांच्या भीतीने ती सरहद्दीजवळच्या एका गावात ठेवली गेली. 1851 मध्ये धाकट्या अलेक्झांडर द्युमाच्या दृष्टीस ती पडली. त्याने ती साँदकडे पोहोचवली आणि तिने ती जाळून टाकली. सात उन्हाळ्यांची तिची बाजू अशी कायमची नाहीशी झाली.

साँद 1876 मध्ये, नोआँच्या याच घरात वारली. शोपाँची खोली तिने त्यापूर्वीच बदलून टाकली होती. 1952 पासून हे घर फ्रान्स सरकारच्या ताब्यात आहे. जेवणाच्या दालनात मोठे टेबल पाहुण्यांच्या नावांसह मांडून ठेवलेले आहे, बाहुल्यांचा रंगमंच जागेवर आहे. त्याचा पियानो नाही. दरवर्षी उन्हाळ्यात मात्र घराच्या आवारातील मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यात मैफली होतात आणि याच घरात लिहिलेले स्वर पुन्हा बागेत येतात.